ग्रेडरचा नमुना

मधुमेह आणि रक्तदाब कुणालाही होतात. धान खरेदी केंद्रावर आयुष्य काढलेल्या ग्रेडरला उतारवयात टक्केवारी होते. दूधवाल्याच्या किटलीकडे पाहिलं की मला पाण्याचा टक्का दिसतो. व्याह्यांनी मिठी मारली की तीत माया किती आणि थकलेला मानपान किती, याचा अंदाज हात सुटायच्या आत झालेला असतो. गोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या पोत्यांत मी वर्षानुवर्षं नळी खुपसली, मूठभर दाणे काढले, ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले आणि आकडा सांगितला. १७ टक्क्यांच्या आत असेल तर पोतं काट्यावर; वर असेल तर धान पुन्हा उन्हात आणि शेतकरी पुन्हा रांगेत. समोरच्याचं वर्ष कसं जाणार, हे माझ्या तोंडून दशांश चिन्हासकट निघायचं. निवृत्तीच्या दिवशी यंत्र जमा केलं. दशांश चिन्ह मात्र माझ्यासोबत घरी आलं.

अशा माणसाच्या गुडघ्यांसाठी पुण्याच्या भाच्यानं विजयाचं तेल मागवून दिलं. आधी एका वैद्यांशी मोबाइलवर बोलणं झालं, त्यांनी चिठ्ठी दिली, आणि कुरिअरवाला अख्ख्या गल्लीला पत्ता विचारत घरी पोचला. बाटलीवर पाच-सात बोटांचं एक हिरवं पान छापलेलं होतं. बायकोनं चष्मा लावला.

"अहो, हे पान मी टीव्हीवर पाहिलं आहे. मागे पोलीस उभे असतात आणि पुढे टेबलावर हे मांडलेलं असतं."

मी तिला कायदा समजावला. १९८५ चा एनडीपीएस कायदा गांजा म्हणतो तो झाडाच्या फुलोऱ्याच्या किंवा फळं धरलेल्या शेंड्यांना. शेंड्यांशिवाय आलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत बसत नाहीत. पान म्हणजे भांग, म्हणजेच आयुर्वेदातली विजया, आणि भांग आयुर्वेदिक औषधांच्या नियमांत अनुसूची ई-१ मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून पानाचा अर्क परवान्यानं बनतो आणि वैद्यांच्या देखरेखीखाली विकला जातो. माझ्या या विवेचनातला 'विषारी' एवढा एकच शब्द तिनं ठेवून घेतला आणि मांडोदेवीला नवस बोलून मोकळी झाली.

तरी खात्री असावी म्हणून मागच्या गल्लीतल्या हवालदारांना चहाला बोलावलं. बाटली हातात धरून ते बराच वेळ गंभीर राहिले.

"ग्रेडरसाहेब, आपलं गोंदिया पडते हावडा लाइनवर. ओडिशाकडचा माल गाडीत सापडला का आमची रात्र गेली. मोजा, सील करा, नमुना नागपूरच्या लॅबमधी पाठवा, मंग सीए रिपोर्टची वाट पाहा."

"पण त्या मालात दम किती, हे कोण मोजतं?"

"दम कायले मोजते जी? गांजा हाये का नाही, एवढं लॅबवाले सांगते. बाकी सारा हिशेब काट्यावर. एक किलोपावेतो थोडा, वीस किलोच्या वर धंद्याचा."

म्हणजे चांगल्या गांजाला आणि कुजक्या गांजाला शिक्षा एकच, वजन सारखं असलं की झालं! प्रतवारीशिवाय खरेदी! मला त्या कायद्याची मनापासून कीव आली. हवालदारांनी चहा संपवला, बाटलीतलं तेल माझ्याच नावाच्या चिठ्ठीवर आलं आहे हे पुन्हा एकदा पाहिलं, आणि जाताना म्हणाले, "चिठ्ठी जपून ठेवजा, साहेब." ती मी लॅमिनेट करून घेतली.

आता बाटली. तीस मिलिलिटर तेल, वर छापलेला आकडा १५०० मिलिग्रॅम कॅनाबिनॉइड. म्हणजे मिलिलिटरला ५०. मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर थेंबाला अडीच मिलिग्रॅम. वैद्यांनी रात्री तीन थेंब सांगितले होते, म्हणजे साडेसात. इथवर सगळं ठीक होतं. पण मोबाइलवर मला एपिडिओलेक्स भेटलं. भांगेच्याच झाडातल्या सीबीडी या द्रव्याचं हे औषध, अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेलं. त्याचा नेहमीचा डोस रोज किलोमागे १० मिलिग्रॅम. माझं वजन ८० किलो, गुणाकार ८०० मिलिग्रॅम, थेंब ३२०. वैद्यांनी दिले तीन! माझ्या नोकरीत एवढी तूट सापडली असती तर पंचनामा झाला असता.

ते औषध लहान मुलांच्या हट्टी अपस्माराचं आहे, गुडघ्याचं नाही. त्यात शुद्ध सीबीडी असतं, हेही मोबाइलवरच्या त्याच माहितीत लिहिलेलं होतं, आणि माझ्या बाटलीत तर अख्ख्या पानाचा अर्क होता. पण आकडा दिसला की ग्रेडर अक्षरं वाचत नाही. त्याच माहितीत आणखी एक वाक्य हाती लागलं. पोटात भरपूर स्निग्ध अन्न असेल तर हे द्रव्य रक्तात उपाशीपोटीपेक्षा चौपट उतरतं. एरवी तोंडावाटे घेतलेल्यातलं बरंचसं आतड्यात आणि यकृतातच संपतं, रक्तापर्यंत थोडंच पोचतं. ३१७ थेंबांची तूट तुपानं भरून काढायची असं मी ठरवलं.

दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते. गावोगावी पाहुणे, दंडार, आणि रात्री वडशाहून आलेल्या कंपनीचं नाटक, ते पहाटेपर्यंत. शेजारच्या गावी मेहुण्याकडे जेवण होतं : तर्रीचं मटण आणि वर तुपात थबथबलेला शिरा. मी तीन थेंब घेतले. मांडवात जाऊन बसलो. काही झालं नाही. माल कमी भरला असं समजून आणखी तीन घेतले. मग तिसरी घंटा होईपर्यंत काही झालं नाही म्हणून थेंब मोजायचं सोडून ड्रॉपर सरळ जिभेवर रिकामा केला. तोंडावाटे घेतलेल्या अशा अर्काचा अंमल चढायला तास-दोन तास लागतात आणि यकृतातून जाताना त्यातल्या टीएचसी या नशेच्या द्रव्याचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, जे स्वतःही चांगलंच चढतं, हे ज्ञान मला दुसऱ्या दिवशी झालं. त्या रात्री फक्त अनुभव आला.

नाटक सामाजिक होतं. दुसऱ्या अंकात विधवेचं धान सावकाराच्या दारात येतं. सावकार मिशीवर ताव देत काट्याला बोट लावतो आणि दोन मण धान दीड मणात मोजतो. मांडवात बाया डोळे पुसत होत्या. आणि माझ्या आतला ग्रेडर उठून उभा राहिला. बरोबर मीही उठलो.

"थांबा!" मी ओरडलो. "ओलावा पाहिला का?"

मांडव शांत झाला. मी खुर्च्यांमधून वाट काढत रंगमंचापाशी पोचलो आणि सावकाराकडे यंत्राची मागणी केली. तो नट वडशाचा, मुरलेला. क्षणभरही न चुकता त्यानं मला मुजरा केला आणि म्हणाला, "या साहेब, तुमचीच वाट पाहत होतो. तुमचा हप्ता काढून ठेवला आहे." मांडव शिट्ट्यांनी दुमदुमला. कुणीतरी नव्या प्रवेशाला रोख बक्षीस पुकारलं. मेहुण्यानं मला धरून बाहेर नेलं, तेव्हा मी मोठ्यानं गात होतो असं सांगतात. मग मी पुन्हा जेवायला मागितलं. मग तणसाच्या ढिगावर आडवा झालो, तो सूर्य वर येईपर्यंत.

भाच्याला फोन केला तेव्हा तो आधी पोट धरून हसला आणि मग त्यानं माझं सांत्वन इतिहासानं केलं. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ओशॉनेसी नावाच्या डॉक्टरानं गांजाच्या राळेचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक रुग्ण संधिवाताचाच. एक ग्रेन राळ दिल्यावर तो दोन तासांत बडबडू लागला, गाऊ लागला, जास्तीचं जेवण मागू लागला आणि झोपला. रात्री पाहतात तर बेशुद्ध. हात उचलून ज्या स्थितीत ठेवावा त्या स्थितीत राहायचा. पुढे तो बरा झाला.

"म्हणजे मामा, तुमची लक्षणं ग्रंथात आहेत. फक्त त्याने नाटक बंद पाडलं नव्हतं."

"पण मी सीबीडी घेतलं होतं!"

"तुम्ही अख्खा अर्क घेतला होता. लेबलवर एकूण बेरीज आहे. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे वाचलंत?"

वाचायला ते लिहिलेलंच नव्हतं. हीच तर गंमत. शंभराहून जास्त कॅनाबिनॉइड या झाडात सापडतात. त्यातल्या टीएचसीनं माणूस रंगमंचावर जातो, सीबीडीनं जात नाही, आणि लेबल दोघांची बेरीज करून मोकळं. जे छापतात तेही खरं असतंच असं नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून सीबीडीची ८४ उत्पादनं विकत घेऊन तपासली. लेबलशी जुळणारी निघाली ३१ टक्के. १८ नमुन्यांत टीएचसी सापडलं. ही प्रतवारी माझ्या केंद्रावर आली असती तर मी फाटकच उघडलं नसतं.

तेव्हा ठरलं. हे तेल मोजायचं. आणि मोजणाऱ्यालाही मोजायचं.

पहिला मुक्काम गोंदियाच्या एका रक्त-लघवी तपासणी केंद्रावर. तिथल्या पोरानं मला ओळखलं. त्याच्या बापाचं धान मी कधीकाळी परत पाठवलं होतं. त्याच्याकडे नशा तपासायची कार्डं होती, ड्रायव्हरच्या नोकरीसाठी लोक तपासून घेतात ती. नमुना भरपूर असावा म्हणून मी सकाळपासून पाणी पीत होतो. पोरानं डबी उजेडात धरली.

"काकाजी, हे तं पाणीच हाये. ओलावा लय भरला तुमच्यात." त्यानं बापाचा सूड दोन वाक्यांत उगवला आणि मला बाकड्यावर बसवून ठेवलं.

दुपारी कार्डावर एक रेघ उमटली. सोबत आलेल्या बायकोचा जीव भांड्यात पडला. दोन रेघा म्हणजे बातमी आणि एक रेघ म्हणजे काही नाही, हे तिला सुनेच्या वेळेपासून माहीत होतं.

"नाही जी काकू," पोरगा म्हणाला, "या कार्डात उलटं रायते. एक रेघ म्हणजे सापडलं."

मग त्यानं समजावून सांगितलं आणि मला त्या कार्डाबद्दल आदर वाटू लागला. रेघेच्या जागी ते द्रव्य आधीच चिकटवलेलं असतं. लघवीबरोबर वर चढणारे रंगीत प्रतिद्रव्याचे कण त्या जागी येऊन अडकतात आणि रेघ दिसते. लघवीतच ते द्रव्य मुबलक असेल तर कण आधीच तिथं गुंततात, पुढे पोचतच नाहीत, आणि रेघ उमटत नाही. रेघ कितीही फिकी असो, दिसली की सुटलात. ही फिकी रेघ किती फिकी, यावर मी त्याच्याशी दशांशात वाद घालणार होतो. पण माझ्या कार्डावर वाद घालण्यापुरतीही शिल्लक नव्हती.

"म्हणजे माझ्यात टीएचसी किती आहे?"

"किती ते कार्ड नाही सांगत. मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅमच्या वर हाये, एवढंच. आन् ते टीएचसी बी नोहे. शरीरानं वापरून टाकलेला त्याचा उरलेला भाग. तुमी कधी घेतलं, किती घेतलं, आता चढली हाये का उतरली, हे त्याले नाही समजत."

टीएचसी चरबीत मुरतं. तिथून ते हळूहळू सुटत राहतं आणि त्याचं निरुपद्रवी झालेलं रूप, टीएचसी-सीओओएच, कित्येक दिवस लघवीत येत राहतं. रोज घेणाऱ्याच्या लघवीत तर कित्येक आठवडे. रक्तातलं खरं टीएचसी मात्र काही तासांत घसरतं. मंडईच्या रात्रीचा पुरावा हवा असता तर रक्त तणसाच्या ढिगावर काढायला हवं होतं. त्याऐवजी मी न्हाऊन, गंध लावून, आठवडा उलटल्यावर हजर झालो होतो.

ग्रेडर तरीही हरत नसतो. पोरगा फोनवर बोलायला बाहेर गेला, तेव्हा मी दुसरं कार्ड उघडलं आणि त्यावर थेट तेलाचे थेंब टाकले. बराच वेळ गेला. एकही रेघ नाही! एका रेघेत ५० नॅनोग्रॅम, तर रेघच नाही म्हणजे किती? मी उभा राहिलो आणि बायकोला सांगितलं की माल अस्सल आहे.

पोरानं आत येऊन कार्ड पाहिलं. "काकाजी, कंट्रोलची रेघ बी नाही आली. तेल वर चढतच नाही ना या कागदावर. कार्ड मेलं." त्यानं दुसऱ्या कार्डाचेही पैसे लावले आणि पावतीवर नमुन्याच्या रकान्यात 'तेल' असं लिहिलं.

परतीच्या गाडीत बायको बोलत नव्हती. मला आपल्या भागाच्या पूर्वसूरींची आठवण झाली. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारनं गांजा-भांगेवर आयोग बसवला होता. तेव्हा आमचा मुलूख भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांतात. गोंदिया जिल्हा व्हायला १९९९ चा महाराष्ट्र दिन उजाडावा लागला. प्रांतातलं गांजाचं परवान्याचं पीक निमाडात, खंडव्याकडे. आयोगानं देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, तीन हजारांवर पानांचा अहवाल लिहिला, आणि माफक सेवनानं फारसं बिघडत नाही असा निष्कर्ष काढला. एवढ्या साक्षी, एवढी पानं, आणि मोजायचं द्रव्य कोणतं हे त्यातल्या एकालाही ठाऊक असण्याची सोय नव्हती. टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळं काढून त्याची रचना सांगितली गेली ती १९६४ मध्ये, इस्रायलमध्ये मेशुलम आणि गाओनी यांच्या हातून. माझ्या वाट्याला तर साक्षीदार एकच आला होता आणि तो खिडकीबाहेर पाहत होता.

शेवटी भाच्यानं पुण्यातल्या एका खासगी प्रयोगशाळेत ओळख काढली, चिठ्ठीची प्रत आणि बिल पाठवायला सांगितलं, आणि बजावलं, "मामा, बाटली नीट हलवा आणि काचेच्या कुपीत भरा. बाकी काही करू नका."

'बाकी काही करू नका' हे मी नोकरीत वरिष्ठांचंही ऐकलं नव्हतं. खरेदीच्या हंगामात मी एकाच ढिगाचे दोन नमुने वेगवेगळ्या नावांनी तपासून यंत्राची परीक्षा घेत असे. तीच युक्ती पुण्याला लावायची ठरवली. एक कुपी बाटलीच्या वरच्या थरातून, न हलवता भरली. दुसरीसाठी तेल पळीत घेऊन गॅसवर चांगलं तापवलं, कारण झाडात मुळात टीएचसी कमी आणि त्याचं आम्लरूप टीएचसीए जास्त असतं, उष्णता लागली की आम्लाचं टीएचसी होतं, असं वाचलं होतं. तापवून माल वाढतो का, हे पाहायचं होतं. वाढला तो वास. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या की कसली मुळी जाळता आहात. ती तापलेली कुपी मग मी खिडकीत उन्हात ठेवली आणि विसरलो. कुरिअरला गोंदियाला नेली तेव्हा एसटीत पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळून नाकाला पदर लावत होती. मला मेशुलमांचा आधार वाटला. टीएचसीच्या शोधासाठी त्यांनी पोलिसांकडून पाच किलो चरस मिळवला होता आणि तो पिशवीत घालून सार्वजनिक बसनं प्रयोगशाळेत नेला होता. त्यांच्याही सहप्रवाशांनी नाकं मुरडली होती. फरक इतकाच की त्यांचा नमुना त्यांनी पळीत तळला नव्हता.

अहवाल आला आणि मी आनंदानं पाटावरून उठलो. एकाच बाटलीच्या दोन कुप्या, आणि आकडे वेगवेगळे! पहिल्या कुपीत टीएचसीए भरपूर, टीएचसी थोडं. दुसरीत टीएचसीए जवळजवळ शून्य, टीएचसी जास्त, आणि सीबीएन नावाचा तिसराच पाहुणा. शिवाय खाली एक ओळ : एकूण टीएचसी = टीएचसी + ०.८७७ × टीएचसीए. म्हणजे आम्लातले सव्वाबारा टक्के यांनी सरळ कापून घेतले होते! शेतकऱ्याच्या पोत्यातून 'घट' म्हणून कापणारे व्यापारी मी आयुष्यभर पाहिले. पुण्यात शिकलेले लोकही तेच करतात, हे पाहून वाईट वाटलं. मी फोन लावला. विश्लेषक मॅडमनी मला मधे न तोडता बोलू दिलं. मग त्या म्हणाल्या :

"काका, टीएचसीएच्या रेणूचा भार ३५८. गरम झाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्याचा ४४. उरलं ३१४. भागाकार करून बघा."

मी केला. ०.८७७.

"म्हणजे शंभर मिलिग्रॅम टीएचसीए असेल तर पूर्ण बदलूनही टीएचसी मिळतं जास्तीत जास्त ८७.७. आम्ही काही कापलं नाही, ते हवेत गेलं."

वीस टक्के ओलाव्याचं क्विंटलभर धान वाळवून सतरावर आणलं की काट्यावर ९६ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास भरतं. उरलेलं पाणी चोरीला गेलं म्हणून भांडणाऱ्या शेतकऱ्यांना मी वर्षानुवर्षं हेच समजावत आलो होतो, आणि तेही बऱ्याच कमी सौजन्यानं.

"आणि काका, दोन्ही कुप्या सारख्या होत्या ना?"

मी खोकलो.

"कारण दुसरीत सीबीएन आहे. टीएचसीला ऊन, हवा आणि उष्णता लागली की ते होतं. आमच्या यंत्रात नमुना तापत नाही. आम्ही तो विरघळवून द्रवाबरोबर दाबानं एका नळीतून सोडतो. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं, आणि ठाऊक ताकदीच्या प्रमाणित द्रव्याशी ताडून आकडा निघतो. वायूवाल्या यंत्रात नमुना आत शिरतानाच भाजतो आणि आम्लाचं टीएचसी तिथंच होतं, म्हणून तुमच्यासारख्या तेलाला आम्ही द्रववालं वापरतो. तेव्हा हा नमुना आमच्याकडे यायच्या आधी कुठेतरी तापला आहे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "बहुतेक पळीत. कुपीत फोडणीतली मोहरी सापडली."

मी विषय बदलला. एवढा खटाटोप कशाला, सरळ रेणूचं वजन करून सीबीडी आणि टीएचसी वेगळं काढता येत नाही का? नाही, त्या म्हणाल्या, दोघांची अणूंची यादी एकच, भारही तोच, ३१४. फक्त जोडणी वेगळी. नळीतून निघायची वेळ वेगळी नसती तर यंत्राला दोघांतला फरक सांगणं अवघड गेलं असतं. मी विचारलं, रक्त पाठवलं तर मोजाल का? ते काम वेगळ्या प्रयोगशाळेचं, त्या म्हणाल्या. तेलात मिलिग्रॅम मोजायचे, रक्तात नॅनोग्रॅम. दहा लाख पटींनी बारीक. रक्तात टीएचसीचा एक जुळा भाऊ ठाऊक मापात आधीच मिसळतात, तीन हायड्रोजनच्या जागी जड ड्युटेरियम बसवलेला. नमुना साफ करताना जेवढा जुळा हरवेल, तेवढाच मूळही हरवला असं धरतात आणि हिशेब पुरा करतात.

मला हे फार आवडलं. हरवणार हे गृहीत धरून मोजायचं! आमच्या केंद्रावर हरवलेलं धान नेहमी उंदरांच्या नावावर टाकत असू, आणि उंदरांचं वजन कुणी केलं नाही.

फोन ठेवण्याआधी त्यांनी अहवालातली पहिलीच ओळ वाचायला सांगितली. मी आकड्यांकडे धावताना ती ओलांडली होती : 'निष्कर्ष नमुना मिळाला त्या स्थितीतील नमुन्यापुरते मर्यादित.' बाटलीत काय आहे, हे त्यांनी सांगितलंच नव्हतं. एका माणसानं वरचा थर काढून, तळून, उन्हात घालून जे पाठवलं, त्यात काय आहे तेवढं अचूक सांगितलं होतं. दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत त्यांनी मोजलं होतं ते मलाच.

दोन्ही अहवाल, लॅमिनेट केलेली चिठ्ठी आणि कार्डांची पावती असा बस्ता घेऊन मी गोंदियाच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. बायको सोबत होती. मंडईपासून ती मला एकटं सोडत नाही. डॉक्टरांनी सगळे कागद शांतपणे पाहिले आणि आधी विचारलं की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. वॉरफरीनसारखं औषध असेल तर सीबीडी यकृतातली त्याची वाट अडवतं आणि रक्त नको तितकं पातळ होतं. गोळी नव्हती. तेल घ्यायच्या आधीच हे सांगायला हवं होतं, असं ते म्हणाले. मग त्यांनी पेन उघडलं.

"दुखणं शून्य ते दहाच्या मापात सांगा. तेल सुरू करायच्या आधी किती होतं?"

मी गप्प.

"बरं, आता किती आहे?"

मिलिलिटरमागे मिलिग्रॅम मी सांगू शकलो असतो. आम्ल आणि टीएचसीचं गुणोत्तर सांगू शकलो असतो. लघवीतली मर्यादा, रेणूचा भार, ११९३ साक्षी, सगळं तोंडपाठ होतं. गुडघा मात्र मी एकदाही मोजला नव्हता. तरी सवयीनं तोंड उघडलं आणि म्हणालो, "सहा पूर्णांक चार."

डॉक्टर बायकोकडे वळले.

"आधी रात्री दोनदा उठायचे, कण्हत," ती म्हणाली. "तेल आणल्यावर चारदा उठतात. पण कण्हत नाहीत. तेल खाली बसलं का, हे बॅटरी मारून पाहतात. जाताना-येताना लंगडत नाहीत, हे मी पाहिलं आहे. आणि जिना उतरताना अजून कठडा धरतात."

डॉक्टरांनी माझे अहवाल बाजूला सारले आणि तिचं बोलणं शब्दन् शब्द केसपेपरवर उतरवून घेतलं. पुढच्या वेळी, ते म्हणाले, यांना नाही आणलंत तरी चालेल, तुम्ही या.